वहीत गेलेला शब्द

हॉकी म्हटले की आमच्या बेळगाव भागातील वाचकांच्या डोळ्यांपुढे लाल मातीचे मैदान आणि त्यावर उडणारी धूळ उभी राहते. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील बंडू पाटील बेळगावचेच, हेही जुन्या मंडळींना स्मरत असेल. त्या मातीत मीही विद्यार्थिदशेत काठी घेऊन धावलो आहे. म्हणून २०१६ साली वरिष्ठांच्या आज्ञेवरून कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या एका लहानशा गावी सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झालो, आणि "फादर, आज संध्याकाळी हॉकीला येणार ना?" असे पहिल्याच आठवड्यात कोणी विचारले, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच हॉकी, हे मला बंदिस्त क्रीडागृहात थंडीने दात वाजू लागले तेव्हा उमगले.

खेळ समजण्यास कठीण नाही. प्रत्येक बाजूस एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे गडी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती; तिला पक म्हणतात. वेग असा की पाऊण-एक मिनिटात गडी थकून बाहेर येतात आणि ताज्या दमाचे आत उडी घेतात. पहिले दोन महिने मला तो पकच दिसत नसे!

ह्या गावच्या संघात सोळा ते वीस वर्षांची मुले खेळत. त्यांतील बहुतेक परगावची. सोळाव्या वर्षी घर सोडून ती तेथल्या कुटुंबांत राहावयास येतात, तेथून शाळेत जातात आणि रात्री खेळतात. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध जोडप्याकडे असाच एक मुलगा उतरला होता. दर रविवारी त्यांच्याबरोबर तो मिस्साला येई आणि शेवटच्या बाकावर बसे. त्याचे आईवडील उत्तरेकडे मोटारीने सहा तासांच्या अंतरावर राहत. त्याची आई कधी कधी मला दूरध्वनी करी. प्रथम "तो नीट जेवतो का?" एवढेच विचारी. २०१७ च्या हिवाळ्यापासून मात्र तिचा प्रश्न बदलला: "फादर, त्याची निवड होईल का हो?"

ही निवड म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. नॅशनल हॉकी लीग हा अमेरिका आणि कॅनडातील व्यावसायिक संघांचा मेळा. दरवर्षी, बहुधा जून महिन्यात, ह्या संघांचे चालक अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची नावे पाळीपाळीने पुकारतात. ह्याला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघांना साधारणपणे आधी निवडण्याचा मान मिळतो. पहिला ड्राफ्ट १९६३ साली माँट्रियल येथे झाला आणि त्यात एकवीस मुलांची नावे घेतली गेली. त्यापूर्वीची रीत याहून कठोर होती. संघ अगदी कोवळ्या मुलांना हेरून करारात बांधून ठेवीत. बचावपटूंचा मुकुटमणी मानला गेलेला बॉबी ऑर १९६२ साली बोस्टनच्या संघाशी बांधला गेला, तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. त्या मानाने आजची रीत बरी. परंतु अठरा वर्षे तरी कितीशी!

आमच्या मुलाचा जन्म जुलै २००० चा. म्हणजे २०१८ च्या जूनमध्ये त्याची पाळी.

क्रीडागृहाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ एकटेच बसत. गुडघ्यावर छोटी वही आणि हातात कागदी पेल्यातील कॉफी. ते एका व्यावसायिक संघाचे स्काउट, म्हणजे पारखी होते. माझ्या गळपट्टीकडे पाहून त्यांनी जागा करून दिली आणि मग सबंध हिवाळाभर मी त्यांचा शिष्य झालो. माझ्या आयुष्यात मला जे चांगले शिक्षक लाभले, त्यांत मी त्यांची गणना करतो.

त्यांचा पहिला धडा असा: "फादर, पकाकडे पाहू नका. पाच मिनिटे फक्त त्या मुलाकडे पाहा." तसे पाहू लागल्यावर मला एक निराळाच खेळ दिसू लागला. बचावपटू अर्धा वेळ उलटा धावत असतो. अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून तो मागे सरकतो आणि दोघांमधील अंतर राखतो. अंतर फार ठेवले तर प्रतिस्पर्ध्याला नेम धरण्यास सवड मिळते. फार कमी ठेवले तर तो बगल देऊन निघून जातो. मग क्षणार्धात उलट्याचे सुलट व्हावयाचे असते, आणि त्या वळणावर वेग गमावला तर सारे फुकट. "हे वळण डावीकडे आणि उजवीकडे सारखेच झाले पाहिजे," असे ते म्हणत. आमचा मुलगा उजवीकडे पाण्यासारखा वळे. डावीकडे वळताना मात्र त्याचे एक पाऊल जास्त पडे. त्यांनी दाखविले नसते तर मला ते जन्मभर दिसले नसते.

दुसरे, पक घ्यावयास कोपऱ्यात जाण्यापूर्वी मुलगा खांद्यावरून मागे पाहतो की नाही. मागून धडक येणार आहे हे ज्याने आधी पाहिले, त्याला पक कोठे द्यावयाचा हेही आधीच ठाऊक असते. तिसरे, आणि मला सर्वांत आवडलेले: घोडचूक केल्यानंतर पुढच्या खेपेस तो बर्फावर कसा उतरतो. मान खाली घालून, की आधीच्या खेपेसारखाच? आमच्या मुलाला येथे पूर्ण गुण होते. एकदा त्याच्या हातून पक निसटून गोल झाला. तो बाकावर आला, पाणी प्याला आणि मिनिटभराने जणू काही घडलेच नाही असा उतरला. वृद्ध गृहस्थांनी वहीत काही लिहिले. गोल किती केले, हे मात्र बचावपटूच्या बाबतीत ते फारसे विचारीत नसत. "चांगल्या संघात कोणाचेही आकडे फुगतात," असे म्हणून ते हात झटकीत.

बचावपटूंची पारख सर्वांत अवघड, हे मात्र ते मोकळेपणाने कबूल करीत. आघाडीच्या गड्याची चूक दूरच्या टोकाला होते आणि विसरली जाते. बचावपटूची चूक आपल्याच जाळ्यात जाऊन पडते. म्हणून त्याची जाण अनुभवाने, म्हणजे उशिरा पिकते. स्वीडनचा निकलस लिड्स्ट्रम १९८९ मध्ये त्रेपन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी बावन्न मुले घेऊन झाली होती. पुढे त्याने सर्वोत्तम बचावपटूचे नॉरिस पारितोषिक सात वेळा मिळविले आणि डेट्रॉइटच्या संघाबरोबर चार वेळा स्टॅनले कप जिंकला. स्लोव्हाकियाचा झ्डेनो चारा, उंची सहा फूट नऊ इंच, १९९६ मध्ये छप्पन्नावा. डंकन कीथ २००२ मध्ये चोपन्नावा. मार्क जॉर्डानोला तर कोणीच निवडले नाही. मध्ये तो एक हंगाम रशियात जाऊन खेळला आणि २०१९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नॉरिस पारितोषिकाचा मानकरी ठरला. उलट २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दहा जणांत आठ बचावपटू घेतले गेले. त्यांतील काहींनी नाव काढले. परंतु चौथ्या क्रमांकाचा तरुण ह्या लीगमध्ये अवघे सदतीस सामने खेळू शकला. एका हंगामातच ब्याऐंशी सामने होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. ह्यात त्या तरुणाचा काय दोष? चौथा क्रमांक त्याने स्वतः थोडाच मागून घेतला होता!

हे ऐकताना मला माझी सेमिनरी आठवे. अठराव्या वर्षी आम्हांलाही असेच कोणी वरच्या कोपऱ्यात बसून पाहत होते. माझ्याविषयी एका गुरुजनांनी "निर्णय घेण्यास मंद" असा शेरा दिला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. शेरा खरा होता. आजही आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१८ च्या फेब्रुवारीत एका सामन्याच्या मध्यंतरात त्या गृहस्थांनी मला विचारले, "फादर, तुम्ही त्या मुलाला बर्फाबाहेर ओळखता. कसा आहे?" स्काउटांनी असे विचारणे नेहमीचेच असते. शिक्षक, ज्या घरी मुलगा राहतो ते लोक, शाळेची बस चालविणारा, सर्वांना ते विचारतात. मला अभिमान वाटला. मी म्हणालो, "फार चांगला मुलगा. प्रामाणिक, आणि अतिशय सौम्य." त्यांनी मान हलविली आणि वही उघडली. मला शेजारून दिसले. त्यांनी एकच शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. तो शब्द "प्रामाणिक" नव्हता.

घरी जाताना माझ्या ध्यानात आले की मी काय करून बसलो. ज्या गड्याने जाळ्यासमोरून प्रतिस्पर्ध्यांना अंगाच्या बळावर दूर सारावयाचे, त्याला सौम्य म्हणणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपाळू म्हणणे. माझ्या तोंडी जी स्तुती होती, ती त्या वहीत उणीव होऊन बसली.

पुढच्या आठवड्यात मी तो शब्द परत घेण्यास गेलो. मी वादाची तयारी करून गेलो होतो. टोरांटोच्या सेंट मायकेल शाळेतील फादर डेव्हिड बाउअर ह्यांचे उदाहरण मी दिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये कॅनडाचा मेमोरियल कप जिंकला. आणि सामन्यांच्या गर्दीत अभ्यास बुडतो म्हणून त्यानंतर शाळेने ती स्पर्धाच सोडली. पुढे १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये फादर बाउअर कॅनडाच्या संघाचे मार्गदर्शक होते. एका स्वीडिश खेळाडूची तुटलेली काठी त्यांच्या कपाळावर लागली आणि रक्त आले. चवताळलेल्या आपल्या खेळाडूंना त्यांनी बाकावरून हलू दिले नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्वीडिश खेळाडूला शेजारी बसवून दुसरा एक सामना पाहिला. "सौम्यता म्हणजे दुबळेपणा नव्हे," असे मी म्हणालो.

वृद्ध गृहस्थ हसले. "ती हकीकत मला ठाऊक आहे, फादर. पण ते मार्गदर्शक होते, बचावपटू नव्हते. आणि त्यांचा संघ चौथा आला." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या शब्दाने काही ठरत नाही. त्याचे ते डावे वळण ठरवील." हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटले की ते खरेच होते, ह्याचा निकाल मला आजतागायत लागलेला नाही.

जूनमध्ये डॅलस येथे ड्राफ्ट झाला. दोन दिवस, सात फेऱ्या, दोनशे सतरा नावे. मुलगा गावी आईवडिलांकडे गेला होता आणि त्यांच्या आग्रहावरून मीही तेथे गेलो. पहिले नाव एका बचावपटूचेच निघाले, स्वीडनचा रास्मुस डालीन. सातवा क्विन ह्यूज, उंचीने लहान, परंतु बर्फावर वाऱ्यासारखा. पुढे २०२४ मध्ये त्यालाही नॉरिस मिळाले. दुसऱ्या दिवशी दुसरी ते सातवी फेरी. आईने सर्वांसाठी सँडविच केली होती. चौथ्या फेरीपर्यंत घरात बोलणे चालू होते. नंतर वडील गवत कापण्यास बाहेर गेले. अंगण कापून झाल्यावर त्यांनी शेजाऱ्याचेही कापले. मुलगा शेवटच्या नावापर्यंत बसून राहिला, मग उठून त्याने बशा उचलल्या. त्या वेळी तो मला फार सौम्य दिसला, आणि माझा मलाच राग आला.

एकोणिसाव्या आणि विसाव्या वर्षीही नाव घेतले जाऊ शकते, तसा नियम आहे. ते घेतले गेले नाही. त्या वहीविषयी मी त्या घरी अवाक्षर काढले नाही. २०१९ मध्ये मी भारतात परतलो.

गेल्या वर्षीच्या ड्राफ्टची बातमी वाचून मला हे सारे पुन्हा आठवले. २०२५ मध्ये ओंटारियोचाच मॅथ्यू शेफर हा बचावपटू पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. खांद्याजवळचे हाड मोडल्यामुळे त्या हंगामात तो आपल्या संघाकडून फक्त सतरा सामने खेळला होता. त्याचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. पात्रतेची मर्यादा १५ सप्टेंबरची. अकरा दिवस उशिरा जन्मता तर तो पुढच्या वर्षाच्या यादीत असता. सतरा सामने पाहून पारख्यांना जे दिसले, ते दुसऱ्या एखाद्या मुलात दोन वर्षे पाहूनही दिसत नाही. वरच्या कोपऱ्यातील माझे गुरू ह्यावर काय म्हणाले असते, असे राहून राहून वाटले.

त्या रात्री मी आमच्या मुलाला पत्र लिहिले आणि त्या शब्दाची सारी हकीकत कबूल केली. तो आता पंचविशीत आहे. ओंटारियोच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्या हंगामांबद्दल शिक्षणासाठी साहाय्य मिळते; त्यावर तो स्थापत्यशास्त्र शिकला, विद्यापीठाच्या संघात चार वर्षे खेळला आणि सध्या नोकरी सांभाळून संध्याकाळी सोळा वर्षांच्या मुलांना बचाव शिकवितो. तीन आठवड्यांनी त्याचे उत्तर आले. डाव्या वळणाबद्दल त्या गृहस्थांचे म्हणणे अगदी बरोबर होते, असे त्याने लिहिले आहे. ते वळण अजूनही पुरते साधलेले नाही. शब्दाविषयी काहीच लिहिलेले नाही.

शेवटी एक परिच्छेद आहे. त्याच्या हाताखालील एका मुलाविषयी चौकशी करण्यास परवा एक स्काउट आला होता. मुलगा बर्फाबाहेर कसा आहे, असे त्याने विचारले. "फादर," तो लिहितो, "मी त्याला सांगितले की मला विचार करण्यास आठवडाभर द्या. उद्या आठवडा पुरा होतो."