नातं कुठवर लागतं?

आर्कटॅनची घातश्रेणी काढायला दिली की एफवायची बहुतेक मुलं टेलरचा रस्ता धरतात. पहिलं डेरिव्हेटिव्ह सोपं, दुसरं बरं. तिसऱ्याला छेदात घन येतो आणि पाचव्यापर्यंत वहीचं पान संपतं. मीही अशी पानं भरलेली आहेत.

आमची आजी लग्नाच्या पंगतीत कुणालाही दोन प्रश्नांत आपल्या गोतावळ्यात आणायची. श्रेणीचंही तसंच. ओळखीचं घर एकच: १/(१−क्ष) = १ + क्ष + क्ष² + क्ष³ + … क्षच्या जागी −क्ष² ठेवा, १/(१+क्ष²) = १ − क्ष² + क्ष⁴ − … मिळेल. आता एकेक पद इंटिग्रेट करा: क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − … शून्याचा आर्कटॅन शून्यच, म्हणजे स्थिरांकाचीही कटकट नाही. झालं की!

एका वर्षी याच तोऱ्यात मी क्ष = १ ठेवला आणि लिहिलं: π/४ = १ − १/३ + १/५ − … केरळच्या माधवाची ही श्रेणी चौदाव्या शतकातली; ग्रेगरी आणि लायब्निट्झ सतराव्या शतकात तिथे पोचले, वगैरे सांगू लागलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, क्ष १ पेक्षा लहान हवा होता ना?"

खरंच की. मधल्या श्रेणीत १ ठेवला तर १ − १ + १ − १ …. बेरीज १ आणि ० यांच्यात नुसती झोके घेते. घंटा झाली म्हणून त्या दिवशी सुटलो.

रात्री कागद घेऊन बसलो. श्रेणी अनंतापर्यंत न नेता न पदांवर तोडली. जे शेपूट उरलं, ते ० ते १ इंटिग्रेट केलं: क्ष^(२न)/(१+क्ष²). छेद १ पेक्षा लहान कधीच नाही, म्हणून शेपूट १/(२न+१) पेक्षा लहान. न वाढवला की ते विरतं. इंटिग्रेट करताना प्रत्येक पदाला विषम संख्येनं भागलं गेलं, तेवढ्यानं झोके आटोक्यात आले. मात्र विरतं ते कासवगतीनं. १०० पदं मिळवून चारने गुणलं तरी π येतो ३.१३१५…, दुसऱ्याच दशांशस्थळी चूक.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं, त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करून. तेव्हापासून पहिली श्रेणी लिहिली की शेजारी तिची अट लिहितो, आणि तास संपेपर्यंत फळ्याचा तेवढा कोपरा पुसत नाही.