यंत्राची थट्टा : एमेट आणि टँगली

(१/४) रणगाडे आणि बॉम्बफेकी विमानांच्या रूपाने दुसऱ्या महायुद्धात यंत्राची संहारशक्ती युरोपने अनुभवली. त्यानंतर दोन कलावंतांनी यंत्राचीच थट्टा मांडली. मात्र दोघांचा सूर निराळा होता.

(२/४) इंग्लंडचे रोलंड एमेट ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. त्यांच्या चित्रांतील चमत्कारिक आगगाडी १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’निमित्त लंडनच्या बॅटरसी उद्यानात खरोखरच रुळांवर धावली. ‘नेली’ हे तिचे एक इंजिन. लोक तिकीट काढून हौसेने त्या गाडीत बसले.

(३/४) स्वित्झर्लंडचे जाँ टँगली यांनी १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या बागेत भंगारातून उभारलेले एक यंत्र सुरू केले. सायकलची चाके, जुना पियानो आणि मोटारी जोडलेल्या त्या यंत्राचे एकच काम होते : स्वतःला नष्ट करणे. पियानो पेटला आणि अखेर अग्निशामकांना हस्तक्षेप करावा लागला.

(४/४) एमेट यांनी भेदरलेल्या माणसाची यंत्राशी पुन्हा मैत्री करून दिली. टँगली यांनी त्याला यंत्राचा मृत्यू दाखवला. नाश पावण्यासाठीच जन्मलेल्या त्या यंत्राचा एक अवशेष मात्र त्याच संग्रहालयाने जपून ठेवला आहे.