माझा पहिला कॅमेरा

कोणता कॅमेरा चांगला, असे नवखा माणूस दुकानदाराला विचारतो. दुकानदार चार कॅमेरे मांडतो आणि त्यांतल्या सर्वांत महाग कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. मला वाटते, हा प्रश्न दुकानात विचारायचा नसतोच. तो घरी बसून स्वतःला विचारायचा आणि तोही वेगळ्या शब्दांत : मला फोटो कशाचे काढायचे आहेत?

माझे उत्तर ठरलेले होते. मला अब्बांचे फोटो काढायचे होते. तेही यंत्रमागावर काम करतानाचे.

आमचे गाव मालेगाव. आमच्या मोहल्ल्यात सकाळ होते ती मागांच्या खडखडाटाने. अब्बांनी अडतीस वर्षे माग चालवला. मग एका हिवाळ्यात त्यांच्या कारखान्याच्या मालकांनी जुने माग भंगारात काढायचे ठरवले. त्यांच्या जागी बिनधोट्याचे, वेगवान माग येणार होते. ईदनंतर जुन्या मागांना टाळे लागणार आणि अब्बांचे कामही त्याच दिवशी संपणार, हे घरात सर्वांना कळले. माझ्या हातात चार महिने होते.

आमच्या घरात फोटो फारसे नाहीत. दादीला फोटो काढून घेणे मुळीच आवडत नसे. "अल्लाहने चेहरा दिलाय तो पुरे, कागदावरचा कशाला हवा?" असे ती म्हणे. तिच्या मनाविरुद्ध कोणी कधी वागले नाही. आता ती नाही. तिचा एकच फोटो उरला आहे, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ओढणी कपाळावर आली आहे आणि निम्मा चेहरा काळोखात आहे. दादी कशी दिसायची, असे माझी मुलगी विचारते तेव्हा मला शब्दांनीच सांगावे लागते. अब्बांचे तसे होऊ नये, अशी माझी इच्छा होती.

अब्बांची हरकत नव्हती. "माझा फोटो घेऊन काय करणार, बेटा? मागाचा घे," एवढेच ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना कॅमेरा कशाला? दिवसा, अंगणात, मोबाइल उत्तम फोटो काढतो. ईदच्या दिवशी मुलांचे फोटो काढायचे असतील, तर दुसरे काही विकत घेऊ नये, असेच मी सांगेन. पण कारखान्यात तसे नसते. वर पत्रे, भिंती काळवंडलेल्या, उजेड दोन-चार नळ्यांचा आणि हवेत कापसाचे तंतू. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. मी मोबाइलवर वीस फोटो काढले. अब्बांचा हात त्यांत कापसाच्या पेळूसारखा पांढरा आणि पसरट दिसत होता. फ्लॅश लावणे शक्य नव्हते. चालत्या मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर एकदम झगझगीत उजेड पाडणे धोक्याचे असते.

म्हणून मी आधी कॅमेऱ्याचा अभ्यास करायचे ठरवले. शाळेत मी भाषा शिकवते, विज्ञान नव्हे. तरी पाहता पाहता त्यात गोडी वाटू लागली.

'कॅमेरा' हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ खोली. आपण घरातल्या खोलीला 'कमरा' म्हणतो, तोही पोर्तुगीज भाषेतून आलेला त्याच कुळातला शब्द. म्हणजे कमरा आणि कॅमेरा ही भावंडेच! पूर्वी खरोखरच अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडत. बाहेरच्या दृश्याचे उलटे चित्र समोरच्या भिंतीवर उमटे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्नुल हैसम या विद्वानाने छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला. सूर्यग्रहणाच्या वेळी छिद्रातून कोरीच्या आकाराचे प्रतिबिंब का पडते, यावर त्याने स्वतंत्र लेखन केले. 'किताबुल मनाझिर' हा त्याचा मोठा ग्रंथ. आजचा कॅमेरा म्हणजे तीच अंधारी खोली. छिद्राच्या जागी भिंग आणि भिंतीच्या जागी सेन्सर आला, एवढेच.

हे एकदा समजले की निवड पुष्कळ सोपी होते. खोली केवढी आणि खिडकी केवढी, हेच पाहायचे.

खोली म्हणजे सेन्सर. प्रकाश पडतो तो या छोट्या पट्टीवर. दुकानात एकाने मला साठपट झूमचा एक कॅमेरा दाखवला. लांबच लांब भिंग, रुबाबदार शरीर! पण त्याच्या पोटातला सेन्सर साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. भिंगे बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तोच सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद असतो. गुणाकार करून पाहा. क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट भरते. अंधाऱ्या जागी हा फरक फार मोठा असतो. दूरच्या मिनारावरचे कबुतर टिपायचे असते, तर मी झूमचा कॅमेरा घेतला असता. अब्बा तर माझ्यापासून चार हातांवर उभे असणार होते.

मेगापिक्सेलचे आकडे मात्र नवख्या माणसाला उगीच भुलवतात. आठ इंच रुंद आणि बारा इंच लांब फोटो छापायचा, दर इंचाला तीनशे ठिपके, असा हिशेब केला तर २,४०० गुणिले ३,६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके लागतात. नऊ मेगापिक्सेलही नाहीत. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या साध्या कॅमेऱ्यांतही याच्या दुप्पट असत. या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खिडकी म्हणजे भिंगाचे तोंड. त्याचा आकडा भिंगावर लिहिलेला असतो आणि गंमत अशी, की आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी. कॅमेऱ्यासोबत जे भिंग मिळते, ते १८ ते ५५ मिलिमीटरचे असते. ३५ मिलिमीटरवर त्याचा आकडा साधारण ४.५ असतो. पण ३५ मिलिमीटरचेच, झूम नसलेले, १.८ आकड्याचे एक छोटे भिंग स्वतंत्र मिळते. ४.५ ला १.८ ने भागा, २.५ येतात. त्याचा वर्ग सव्वासहा. म्हणजे या छोट्या भिंगातून सव्वासहापट प्रकाश आत येतो. जो फोटो घ्यायला आधी सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तो सेकंदाच्या नव्वदाव्या भागात मिळतो. अब्बांचा हात स्थिर दिसण्यासाठी मला हेच हवे होते.

झूम नाही म्हणून बिचकू नये. होमाई व्यारावाला यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याला झूम नव्हतेच. जवळचा फोटो हवा असेल तर चार पावले पुढे जायचे. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आणि आमच्या मालेगावकरांना तर साधने कमी असल्याचे दुःख करण्याचा हक्कच नाही. शेख नासिर यांनी याच गावात २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट तयार केला. इथल्या चित्रपटवेड्या मंडळींनी सायकलवर कॅमेरा बसवून चालते दृश्य टिपले आणि बैलगाडीची क्रेन केली. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सारे पाहायला मिळते.

आता पैशांची गोष्ट. माझी भिशी लागली होती, पंचवीस हजारांची. तेवढ्यात नवा कॅमेरा आणि वेगळे भिंग बसत नव्हते. म्हणून वापरलेला कॅमेरा घ्यायचे ठरले. माझ्या मते नवख्याने वापरलेलाच घ्यावा. अनेक हौशी लोक कॅमेरा घेतात, एका लग्नात आणि एका सहलीत वापरतात आणि कपाटात ठेवून देतात. असा कॅमेरा निम्म्या किमतीत मिळतो. पण तो पारखून घ्यावा लागतो.

धाकट्या भावाला सोबत घेऊन मी मनमाडहून रेल्वेने मुंबईला गेले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, फोर्ट भागात, बोरा बाजार नावाची गल्ली आहे. तिथे कॅमेऱ्यांची बरीच दुकाने आहेत. पहिल्या दुकानात माझे बोलणे पुरे होण्याआधीच सत्तर हजारांचा कॅमेरा समोर आला. "बाजी, चल," भाऊ कानात म्हणाला. तिसऱ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कॅमेरा काढलाच नाही. "काय काढायचंय, ताई?" त्यांनी विचारले. मी मागाचे सांगितले. त्यांनी चष्मा वर केला, जरा विचार केला आणि मागच्या कपाटातून निकॉनचा डी ३३०० काढला. २०१४ साली बाजारात आलेला कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा.

तो मी कसा तपासला, ते सविस्तर सांगते. कारण हे दुकानदार आपणहून सांगत नाही. आधी भिंग काढून मोबाइलच्या विजेरीसमोर धरले. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि ते भिंग परत द्यावे. पावसाळी, दमट हवेत ती सहज धरते. मग भिंगाचे तोंड अगदी लहान करून, म्हणजे १६ च्या आकड्यावर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. सेन्सरवर धूळ असेल तर फोटोत काळे ठिपके दिसतात. दोन दिसले. दुकानदारांनी माझ्यासमोर सेन्सर साफ केला. त्यानंतर शटर किती वेळा उघडले, ते पाहिले. तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. अशा साध्या कॅमेऱ्याचे शटर सुमारे एक लाख फोटोंपर्यंत चालावे अशी अपेक्षा असते. या कॅमेऱ्याचे अकरा हजार झाले होते.

आणखी एक अडचण असते, ती आधी माहीत हवी. निकॉनच्या या लहान कॅमेऱ्यांत भिंग फिरवणारी मोटर नसते. ती भिंगातच असावी लागते. जुने भिंग स्वस्त मिळाले म्हणून घ्यावे, तर फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागतो. भिंगावर 'एएफ-एस' अशी अक्षरे आहेत ना, हे मी दोनदा वाचले.

कॅमेरा पंधरा हजार, छोटे भिंग आठ हजार. पक्के बिल मागितले. त्यावर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घेतला. उरलेल्या पैशांतून एक मेमरी कार्ड आणि परतीची तिकिटे. बॅग घेतली नाही. अम्मीने जुन्या रजईच्या कापडाची शिवून दिली.

घरी कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. कारखान्यातून आल्यावर मऊ ब्रशने कापूस झाडते. तिथे भिंग मात्र मी कधीच बदलत नाही. तंतू आत गेला तर सेन्सरवरच बसणार.

ईदच्या आधी अकरा शुक्रवार मिळाले. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, सुट्टी होण्याआधी, मी कारखान्यात जाई आणि शुक्रवारी निवांत बसून फोटो पाही. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवले की हात स्वच्छ येत. धोटा थोडा धूसर येई. तो येऊ दिला. तो पळतच असतो. दर आठवड्याला काहीतरी नवे सापडे. कांडी बदलताना अब्बा अंगठा एका खास पद्धतीने वळवतात. माग थांबला की तळहात त्याच्या लाकडावर टेकवतात. इतकी वर्षे मी डबा घेऊन तिथे जात होते, पण हे कधी पाहिले नव्हते.

शेवटी बारा फोटो निवडले आणि स्टुडिओतून मोठे छापून आणले. अब्बांनी एकेक फोटो उजेडाकडे धरून पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. पाचव्या फोटोवर ते थांबले. फोटो डोळ्यांजवळ नेला आणि डाव्या कोपऱ्यात बोट ठेवले.

"इथं ताण्याचा धागा तुटलाय. त्या वेळी मला दिसला नाही."

मी वाकून पाहिले. चारशे धाग्यांच्या गर्दीत खरोखरच एक धागा लोंबत होता, केसाएवढा बारीक. अब्बांनी तो फोटो बाजूला काढून ठेवला आणि सहावा हातात घेतला.