एक काना जास्त

मराठी ललित गद्यात 'अनामिक रानफूल' नावाची एक वनस्पती फार बोकाळली आहे. कवितेत, प्रवासवर्णनात, लघुनिबंधात ती कुठेही उगवते. लेखकाला तिचा गंध येतो, तिचे एकाकीपणही जाणवते. फक्त तिचे नाव त्याने कुणाला विचारलेले नसते. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवताना मी हे दरवर्षी जरा टोचूनच सांगत आले. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात झाडाझुडपांना त्यांच्या नावाने हाक मारलेली आहे, हे मुलांच्या लक्षात यावे एवढाच हेतू. पण हे सांगणारी मी स्वतः किती पाण्यात आहे, ते मला घरामागच्या एका कुंडीने दाखवून दिले.

नेरूळला आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे चार पावलांची जागा आहे. तिथल्या कुंड्यांसाठी माळीबुवांनी एकदा पारसिकच्या डोंगरपायथ्याची दोन पोती माती आणून टाकली. पुढच्या पावसाळ्यात, मी काहीही लावलेले नसताना, एका कुंडीतून एकच दांडा वर आला. त्यावर पांढुरके ठिपके, आणि टोकाला तीन फाट्यांत विभागलेले, छत्रीसारखे उघडलेले एकुलते एक पान. फोनमधल्या ॲपला छायाचित्र दाखवले. त्याने एकदा सुरण सांगितले, दुसऱ्यांदा सापकांदा. मी त्याला 'आपली छत्री' म्हणू लागले. म्हणजे माझेही अनामिक रानफूल झालेच.

पावसाळा सरल्यावर पान पिवळे पडले आणि एके दिवशी आडवे झाले. पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा आले, पुन्हा गेले. आपलीच निगा कमी पडते असे वाटून त्या वर्षी मी कंबर कसली. हिवाळाभर, उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी, वर शेणखत. तिसऱ्या पावसाळ्यात काहीच उगवले नाही. कुंडी उपडी केली, तेव्हा हाताला मऊ, कुजका लगदा लागला.

त्याच दिवशी एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी प्रकल्पाची वही दाखवायला आली होती. ती इथल्याच एका गावठाणातली, आगरी कुटुंबातली. मी तिला जुने छायाचित्र दाखवले. तिने ते आजीला पाठवून लगेच फोन लावला आणि हसत मला म्हणाली, "मॅडम, हे शेवळ. आजी विचारतेय, झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

मग उलगडा झाला. शेवळ सुरणाच्याच कुळातले. पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून आधी फुलोरा येतो, पान मागाहून. पाऊस गेला की पान मरते, आणि कंद पुढच्या पावसापर्यंत मातीत झोपून राहतो. त्या काळात त्याला कोरडेपणच हवे असते. ओल मिळाली की तो कुजतो. भाजी होते ती न उमललेल्या फुलोऱ्याची. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि खाज मारायला काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालायची. शास्त्रीय नावात 'कम्यूटेटस' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ 'बदललेला'. पण केव्हा खुडायचे, कशात शिजवायचे आणि केव्हा हात लावायचा नाही, हे सगळे आजीच्या 'शेवळ' या शब्दाला बांधलेले होते. मी माया पुष्कळ केली होती. नाव ठाऊक नसल्याने ती रोज तांब्यातांब्याने त्या कंदाच्या मुळावर आली.

एवढ्यावर भागले असते. पण ती मुलगी जरा थांबून म्हणाली, "मी निबंधात लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही काना दिला होता."

मला आठवले. ती बी.ए.ला असताना 'आमच्या घरचा पावसाळा' या विषयावर तिने 'शेवळांची भाजी' असे लिहिले होते. मी लाल शाईने त्याचे 'शेवाळांची' केले होते. डबक्यावरचे शेवाळ कुणी खात असेल का, असा प्रश्नही मला पडला नव्हता. "तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "मला वाटलं, पुस्तकात तसंच असेल."

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. शेते गेली, मिठागरे गेली, डोंगरउतारांचे सेक्टर झाले. तिच्या आजीची भाताची खाचरेही त्यातच गेली. त्या जमिनीवरच्या शहरात मी भाडेकरू म्हणून आले, मग घरमालक झाले. मी काही कुणाची जमीन घेतली नाही, असे मला नेहमी वाटत आले. पण जमिनीनंतर जे तोंडात शिल्लक उरले होते, त्यावर मी शुद्धलेखनाच्या नावाने लाल रेघ मारत होते. प्रमाणभाषा शिकवणे माझे काम आहे आणि ते मी सोडणार नाही. मात्र न कळलेला शब्द आणि चुकलेला शब्द यांतला फरक ओळखणे हेही त्याच कामात येते, हे मला पंचेचाळिशीत एका कुजलेल्या कंदाने शिकवले.

पुढच्या मे महिन्यात तिने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन कंद आणून दिले. पाऊस पडेपर्यंत पाणी घालायचे नाही, ही आजीची ताकीद. मी तहानलेल्या कुंडीजवळून रोज रिकाम्या हाताने जात राहिले. जूनमध्ये एक तपकिरी-जांभळट फुलोरा वर आला. भाजीसाठी खुडायचा तो मी उमलू दिला, आणि शेजारच्या काकूंनी उंदीर मेला आहे का म्हणून चौकशी केली.

त्या कुंडीवर आता नावाची पट्टी आहे. ती लिहिताना, खरे सांगायचे तर, हात एकदा काना द्यायला वळलाच.