दाताची चिठ्ठी आणि अ‍ॅसिट्रॉम

ती. आत्यास,


दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाहिला. पाच दिवस मेट्रोनिडॅझोल, दुखलं तर डायक्लोफिनॅक. तुझ्या अ‍ॅसिट्रॉमचा कुठे उल्लेखच नाही! त्यांनी विचारलं नाही की तू सांगितलं नाहीस, ते उकरत बसत नाही. पण आमच्या मेडिकलच्या काउंटरवर अशी चिठ्ठी आली, की मी आधी फोन उचलते.

‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो खरं, पण रक्त काही पातळ होत नाही. व्हिटॅमिन के वापरून यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं, ते काम ही गोळी मंदावते. तुझा गोठा आहे म्हणून सांगते: अमेरिकेत आणि कॅनडात गुरं कुजलेलं स्वीट क्लोव्हर खाऊन रक्तस्रावाने मरायची. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांनी त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला. त्यातूनच पुढे वॉरफरिन निघालं. १९४८ साली ते बाजारात आलं ते उंदीर मारायला, माणसांना नंतर दिलं. अ‍ॅसिट्रॉम त्याच कुळातली. म्हणून तर हृदयातल्या कृत्रिम झडपेसाठी तुझा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायची एवढी धडपड.

ही गोळी यकृतातलं जे एन्झाइम मोडून काढतं, त्यालाच मेट्रोनिडॅझोल अडवतं. गोळी तेवढीच, पण अंगात साचत जाते. रक्तात आधीचे घटक शिल्लक असतात, म्हणून पहिले एक-दोन दिवस काही जाणवत नाही. मग हिरडीतून रक्त येतं आणि तू म्हणणार, दाताचंच असेल. त्यात दुखण्यामुळे जेवण कमी, मेथी-पालक बंद. त्यानेही आकडा चढतो. डायक्लोफिनॅकची तऱ्हा वेगळी, आयएनआर ठीक असतानाही ते पोटात रक्तस्राव करू शकतं.

पण अँटिबायोटिक म्हटलं की आयएनआर वाढणारच, असंही नाही. टीबीचं रिफाम्पिसिन ते एन्झाइम जोरात कामाला लावतं. मग गोळी पुरत नाही, झडपेवर गुठळी धरायची भीती. मात्रा वाढवावी, तर रिफाम्पिसिन बंद झाल्यावर काही आठवड्यांत रक्तस्रावाचा धोका! अशा पेशंटचे आकडे सांभाळताना डॉक्टरांच्या नाकी नऊ येतात.

म्हणून मनाने काही बंद करू नकोस. अ‍ॅसिट्रॉम थांबवलीस तर झडप धोक्यात, आणि दातात पू असताना अँटिबायोटिक टाळून कसं चालेल? दात काढायचा ठरला तर झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते आधी द्यावंच लागतं. आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन कर, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव. कदाचित गोळी बदलतील, कदाचित हीच ठेवून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर करायला सांगतील, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा. महिनाअखेरच्या तपासणीवर ढकलू नकोस. दुखण्याला तोवर पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि मोजकं. डांबरासारखं काळं शौच, लाल लघवी किंवा एकाएकी जोरात डोकेदुखी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

अ‍ॅसिट्रॉमची स्ट्रिप पाकिटात ठेव आणि कुठल्याही डॉक्टरांनी पेन उचललं की आधी ती टेबलावर ठेवत जा. आयएनआरचा आकडा आला की मला व्हॉट्सअ‍ॅप कर.

तुझी भाची,
मंजू