अर्धा मिलिमीटर

यंत्र बिघडले आहे हे कोणासही कळते. कोठे बिघडले आहे हे शोधून काढणे ही मात्र निराळीच विद्या आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पुतणीसाठी एक जुनी सायकल घरीच जोडावयास घेतली, तेव्हा या विद्येचा थोडा परिचय घडला. सांगाडा आमच्या वडिलांच्या काळचा, चाके नवी, उरलेले सामान बाजारातले. मुलीला रोज सहा किलोमीटर शाळेत जावयाचे, आणि रस्ता मालमोटारींचा. तेव्हा हे काम केवळ हौसेचे नव्हते.

सायकल उभी राहिली, देखणीही दिसली. पण पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यास डाव्या बाजूला एक हिसका बसे. दांडा आणि आस यांना जखडणारी जी पाचरीसारखी लहानशी पिन असते, तिला बाजारात कॉटर म्हणतात. ती ठोकली, नट आवळला. थोडे अंतर ठीक, की पुन्हा तोच हिसका. दुकानदाराने पत्र्याची पट्टी घालण्याचा सोपा उपाय सुचविला.

आमचे शेजारी तरुणपणी हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. १९९१ साली मिल बंद पडली, हात मात्र शाबूत राहिले. पट्टीचे नाव काढताच ते म्हणाले, "सर, पट्टी चेपली की दांडा पुन्हा ढिला. मालमोटारीपुढे पोरगी पडली तर? आधी दोन्ही कॉटर अदलाबदल करून पाहा."

तसे केले, आणि हिसका उजवीकडे गेला! म्हणजे आस निर्दोष, दांडा निर्दोष. अपराधी ती पिन. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअरने मोजले, तो एक साडेनऊ मिलिमीटरची, दुसरी नऊ. डोळ्यांना दोघी जुळ्या बहिणी!

सुटा भाग कोणत्याही नगास बसावा, ही कल्पना बंदुकीच्या कारखान्यांत वाढली. १७८५ साली पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील असलेल्या जेफरसन यांनी ओनोरे ब्लांक या कारागिराकडे चापाच्या यंत्रणेचे भाग वाटेल तसे उचलून स्वहस्ते जोडले; ते बिनचूक बसले, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. १८०१ मध्ये एली व्हिटनी याने वॉशिंग्टनला असाच प्रयोग दाखवून वाहवा मिळविली. पुढे संशोधकांनी त्याच्या बंदुका तपासल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीस बसेनात! तरी पुष्कळ पुस्तकांत नाव त्याचेच. खरे कष्ट हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने उपसले. १८२० नंतरच्या त्या वर्षांत एका रायफलीचे भाग तपासण्यास त्याने ६३ मापी वापरल्या. मापीत न बसणारा भाग बाद, मग तो कितीही सुबक असो. मला हा हॉल अधिक जवळचा वाटतो. परीक्षकाचे निम्मे आयुष्य असेच जाते.

दुकानदाराने पिन मुकाट्याने बदलून दिली. फिटरसाहेबांनी तिच्या उतरत्या बाजूस दोनदा कानस फिरविली, आणि ती बसली. पुतणी अंगणात दहा फेऱ्या मारून म्हणाली, "काका, आता आवाजच नाही!"

परंतु परत घेतलेली पिन दुकानदाराने त्याच डब्यात टाकली होती. हे ऐकून शेजारी अस्वस्थ झाले. त्यांनी जाड पोलादी पट्टीला दोन भोके पाडली: एकात साडेनऊची पिन जेमतेम शिरावी, दुसऱ्यात शिरूच नये, नऊची मात्र दोहोंतून खाली पडावी. ती पट्टी ते स्वतः दुकानात देऊन आले. खिळ्याला टांगलेली ती मी पाहिली आहे. वापरात आहे की नाही, हे अजून विचारलेले नाही.