बटण सोड, ओव्हर!

वॉकीटॉकी म्हटलं की मला पोलिसांच्या जीपमधली खरखर आठवायची. फॅमिली ट्रिपला तो कुणी नेतं, हे दादामुळे कळलं. आई आणि मी त्याच्याकडे कॅलिफोर्नियाला गेलो, तेव्हा त्याने यूटाची ट्रिप आखली. तो, वहिनी आणि मुलं भाड्याच्या आरव्हीत. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन बीएचके! आईला त्यात मळमळायचं, म्हणून ती माझ्याबरोबर मागच्या कारमध्ये.

‘डोंगरात मोबाइलला रेंज नसते,’ म्हणत दादाने एक सेट माझ्या हातात कोंबला. हे एफआरएस सेट अमेरिकेत कुणीही विनापरवाना वापरू शकतं. पॉवर जास्तीत जास्त २ वॉट. बॉक्सवर छापलं होतं ३५ मैल, पण मध्ये डोंगर आला की खेळ खल्लास! मोकळ्या रस्त्यावर मैल-दोन मैल म्हणजे डोक्यावरून पाणी.

मी ड्रायव्हिंगला, त्यामुळे सेट आईकडे. दोन दिवसांत ती एक्स्पर्ट! बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं (नाहीतर पहिला शब्दच गायब), बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं आणि बटण सोडायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं अक्षरही ऐकू येत नाही.

कॅम्पसाइटवर आरव्ही रिव्हर्स घेताना तर सेट वरदानच. वहिनी मागे उभी राहून हळू आवाजात सांगायची, ‘ड्रायव्हर साइडला घे.’ डावं-उजवं नाही, हातवारे नाहीत, की भांडण नाही.

भांडण तिसऱ्या दिवशी झालं. हायवे १२ वर बोल्डर माउंटनचा ९,६०० फुटांवरचा माथा ओलांडून आम्ही टोरीकडे उतरत होतो. दादाने नेहमीचा विषय काढला. बाबा गेल्यापासून आमचा एकच विषय, आईने राहायचं कुठे? ‘पुण्यात एकटी कशी राहील? तूच समजाव तिला...’ बटण दाबून त्याचं लेक्चर सुरू झालं.

तेवढ्यात मला जळका वास आला. आरव्हीच्या मागच्या चाकातून धूर! उतारभर ब्रेकवर पाय ठेवल्याने ते तापले होते. आई बटण दाबून ओरडत होती, ‘बाळ्या, थांब!’ पण ऐकणार कसं? तो बोलतोय ना! मी हॉर्न दिला, लाइट मारले. वळणावळणांवर तो मिनिटभर बोलतच होता. माझ्या घशाला कोरड पडली. शेवटी एकदाचं ‘ओव्हर’ आलं.

‘धूर येतोय. गाडी बाजूला घे,’ आई शांतपणे म्हणाली.

ब्रेक गार होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसलो. उरलेला उतार दादा खालच्या गिअरमध्ये उतरला. रात्री जेवताना आईने सेट टेबलावर ठेवला. ‘वर्षभर दोघांनी बटण दाबून धरलंय. मला कुणी विचारलंत?’

आम्ही गप्प.

‘मी पुण्यातच राहणार. माझं घर, माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. उन्हाळ्यात येईन तुझ्याकडे. ओव्हर.’

सेट दादाकडेच ठेवले. भारतात अशा सेटना विनापरवाना परवानगी ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्याशा पट्ट्यात आहे, हे सेट त्यात बसत नाहीत. पण सवय आणली. रविवारी व्हिडिओ कॉलवर दादाची गाडी सुरू झाली, की आई नुसता अंगठा उचलून दाखवते. तो हसतो आणि गप्प बसतो.